विहीर, हौद, शेततळं, रास: आकार ओळखून घनफळ काढायची रीत

शेततळ्यात किती लिटर पाणी मावेल, खळ्यावरच्या राशीत किती क्विंटल सोयाबीन आहे, हौदाला आतून किती चौरस मीटर गिलावा लागेल, हे सगळे प्रश्न दहावीच्या महत्त्वमापनाच्या धड्यातलेच आहेत. सूत्रं पाठ असूनही उत्तर चुकतं, कारण आकार भलताच धरलेला असतो, नाहीतर फीत भलत्या जागी लावलेली असते. म्हणून सूत्राआधी आकाराकडे नीट पाहायला शिकू.

घनाकृतींची तीन घराणी लक्षात ठेवली की बहुतेक काम भागतं. पहिलं घराणं चितीचं. उंचीला किंवा लांबीला काटकोनात छेद कुठेही घ्या, तो सारखाच मिळतो: हौद (इष्टिकाचिती), विहीर (वृत्तचिती), कडब्याच्या गंजीचा वरचा उतरता भाग (आडवी त्रिकोणी चिती). यांचं घनफळ म्हणजे छेदाचं क्षेत्रफळ गुणिले उंची किंवा लांबी. दुसरं घराणं टोकाकडे निमुळत्या होणाऱ्या आकारांचं, म्हणजे शंकू आणि सूची (पिरॅमिड). तेवढाच पाया आणि तेवढीच उंची असलेल्या चितीचा बरोबर तिसरा हिस्सा यांच्यात मावतो. तिसरा गोल. ज्या वृत्तचितीत तो चपखल बसतो, तिच्या दोन तृतीयांश जागा तो व्यापतो.

मोजायला बसण्यापूर्वी

३० मीटरची फीत, टोकाला वजन बांधलेली न ताणणारी दोरी, एक सरळ बांबू आणि पातळी बघायला पाण्याची पारदर्शक नळी एवढं पुरे. एका कामात एकच एकक ठेवा. व्यास फुटांत, खोली मीटरमध्ये आणि उत्तर लिटरमध्ये, असं केलं की गोंधळ ठरलेलाच. विहिरीची खोली आपल्याकडे अजूनही परसात, म्हणजे माणसाच्या अंगावरून ठरवलेल्या मापात, सांगतात. बोलायला ते ठीक आहे, पण परस माणसागणिक बदलतो, म्हणून हिशेबाला घेऊ नका.

लागणारे आकडे थोडेच आहेत. १ घनमीटर म्हणजे १००० लिटर. १ घनफूट म्हणजे २८.३ लिटर. १ ब्रास म्हणजे १०० घनफूट, म्हणजे २.८३ घनमीटर. वर्तुळासाठी २२/७ घ्या किंवा ३.१४. दोन्हींतली चूक दहा हजारात चार-पाच एवढीच असते. आपल्या फितीची चूक याहून कितीतरी मोठी असते.

विहीर

गोल विहिरीत मोजायच्या गोष्टी दोनच, आतला व्यास आणि पाण्याची खोली. व्यास घेताना फितीचं एक टोक काठावर पक्कं धरा आणि समोरच्या माणसाला काठाने हळूहळू सरकायला सांगा. सगळ्यात मोठा आकडा येईल तो व्यास. मध्य डोळ्यांनी ठरवून आडवी फीत धरली तर हाती जीवा लागते, आणि मध्यातून न जाणारी जीवा नेहमी व्यासापेक्षा लहान असते. मग काटकोनात दुसरा व्यास घ्या आणि दोन्हींची सरासरी काढा, कारण खणलेली विहीर पूर्ण गोल क्वचितच असते. कठड्याच्या बाहेरून परीघ मोजला असेल तर त्याला ३.१४ ने भागून आलेल्या व्यासातून भिंतीची जाडी दोनदा वजा करा. एकदाच वजा करण्याची चूक फार जण करतात.

घनफळ काढताना त्रिज्येचा वर्ग होतो, म्हणून व्यासातली चूक उत्तरात जवळजवळ दुप्पट होऊन येते. खरा व्यास ६ मीटर असताना ५.८ धरला तर व्यासात तीन टक्क्यांची चूक होते, पण पाणी साडेसहा टक्क्यांनी कमी दिसतं. खोलीतली चूक मात्र जेवढ्यास तेवढीच राहते. त्यामुळे वेळ कमी असेल तर तो व्यासावर घालवा.

६ मीटर व्यासाच्या विहिरीचा छेद २८.२७ चौरस मीटर भरतो, म्हणजे दर मीटर पाण्याला २८,२७० लिटर आणि दर फुटाला सुमारे ८,६०० लिटर. हा आकडा कठड्यावर रंगाने लिहून ठेवा. उपसा करून मोटार थांबवली आणि दहा तासांत पाणी अर्धा मीटर चढलं, तर आवक १४,००० लिटरच्या थोडी वर आहे हे लगेच कळतं. दोरीचं वजन गाळात रुततं तेव्हा खोली वाढीव येते. वजन तळाला टेकून दोरी सैल पडताच तिथेच खूण करा, आणखी सोडू नका. पाण्याची खोली म्हणजे दोरीचा ओला झालेला भाग.

आपल्याकडच्या बऱ्याच विहिरी मुरमात रुंद आणि खडकात अरुंद असतात. तिथे वरचा व्यास धरून खालच्या पाण्याचा हिशेब करू नये. दोन वृत्तचिती मानून तुकड्यातुकड्याने मोजा. बारवेलाही हीच रीत. पायऱ्यांची चौकोनी बारव म्हणजे एकाखाली एक ठेवलेल्या, लहान होत जाणाऱ्या इष्टिकाचिती. प्रत्येक टप्प्याचं लांबी, रुंदी, उंची वेगळं घेऊन बेरीज करायची. परभणी जिल्ह्यातल्या वालूरच्या चक्राकार बारवेला मात्र हा हिशेब लागू पडत नाही, तिथे वेगवेगळ्या उंचीवर छेद घ्यावे लागतील.

हौद

इथे एकच मोठी चूक होते, माप बाहेरून घेण्याची. आतून ३ मीटर लांब, २ मीटर रुंद आणि १.५ मीटर खोल हौदात ९ घनमीटर, म्हणजे ९,००० लिटर पाणी मावतं. नऊ इंची भिंतीच्या बाहेरून माप घेतलं तर लांबी ३.४६ आणि रुंदी २.४६ येते आणि हिशेब १२,७०० लिटरच्या वर जातो. चाळीस टक्के पाणी कागदावरच.

गिलाव्यासाठी झाकण नसलेल्या हौदाची पाच पृष्ठं धरायची. चार भिंती २ × (३ + २) × १.५ = १५, तळ ३ × २ = ६, एकूण २१ चौरस मीटर. एकूण पृष्ठफळाचं सूत्र तसंच वापरलं तर नसलेलं झाकणही मोजलं जाऊन २७ येतात.

शेततळं

‘मागेल त्याला शेततळे’ योजनेमुळे ३० × ३० × ३ मीटर हे माप मराठवाड्यात तोंडपाठ झालं आहे. पण या तिघांचा गुणाकार करून २७ लाख लिटर सांगणं चूक आहे. तळ्याच्या बाजू उतरत्या असतात, त्या सरळ ठेवल्या तर काळी माती ढासळते. १:१ उतार असेल तर ३ मीटर खाली जाताना प्रत्येक बाजू ३ मीटर आत येते आणि तळ २४ × २४ राहतो. हा आकार टोक कापलेल्या उलट्या सूचीचा. त्याची रीत अशी: वरचं क्षेत्रफळ, तळाचं क्षेत्रफळ आणि या दोघांच्या गुणाकाराचं वर्गमूळ, या तिन्हींची बेरीज करा, खोलीने गुणा, तीनने भागा.

९०० + ५७६ + ७२० = २१९६. गुणिले ३, भागिले ३. म्हणजे २१९६ घनमीटर, साधारण २२ लाख लिटर. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून लातूरला पाणी आणणाऱ्या ५० वाघिणींच्या रेल्वेची एक खेप सुमारे २५ लाख लिटरची होती. एक काठोकाठ भरलेलं शेततळं जवळजवळ तेवढं पाणी धरतं, एवढी ही आकृती मोठी आहे.

वर्गमूळ काढायचं नसेल तर मधल्या उंचीवरचा छेद घ्या: २७ × २७ × ३ = २१८७. फरक अर्ध्या टक्क्याचाही नाही, बांधावर उभं राहून हिशेब करायला हे उत्तम. फक्त ही सवलत उताराच्या तळ्याला आहे, शंकूला नाही. टोकापर्यंत निमुळत्या आकाराला मधला छेद लावला तर पाव हिस्सा कमी पडतो.

याच आकारातून आणखी एक गोष्ट कळते. पाणी काठाच्या अर्धा मीटर खाली असेल तर पाण्याचा पृष्ठभाग २९ × २९ आणि खोली २.५ असते, आणि साठा १७६१ घनमीटर येतो. वरच्या अर्ध्या मीटरमध्ये जवळजवळ पाचवा हिस्सा पाणी असतं. पण तिथेच पृष्ठभागही सगळ्यात मोठा असतो. काठोकाठ भरलेल्या तळ्यातलं पाणी एक सेंटिमीटर उडालं की ९,००० लिटर गेले. तेवढंच पाणी कमी पसरट आणि जास्त खोल तळ्यात ठेवलं तर उन्हाला सापडणारा पृष्ठभाग लहान राहतो.

आता अस्तराचा प्लास्टिकचा कागद. सगळ्यात जास्त पैसे वाया जातात ते इथे, कारण खोली आणि तिरकस उंची यांची गल्लत होते. कागद उतारावरून जातो, त्यामुळे ३ नव्हे तर ४.२४ मीटर लागतो (३ चा वर्ग आणि ३ चा वर्ग यांच्या बेरजेचं वर्गमूळ). एका काठापासून समोरच्या काठापर्यंत ४.२४ + २४ + ४.२४ = ३२.५ मीटर. काठावरच्या चरात गाडायला दोन्हीकडे एकेक मीटर धरला तर ३४.५. म्हणजे ३४.५ × ३४.५, सुमारे ११९० चौरस मीटर. तळाला खोली जोडून २४ + ३ + ३ असं धरणाऱ्याचा कागद अडीच मीटर तोकडा पडतो आणि तो ताणून बसवला की पाण्याच्या वजनाने सांध्यावर फाटतो. वरच्या मापाला खोली जोडून ३० + ३ + ३ धरणाऱ्याचे अडीचशे चौरस मीटरचे पैसे जास्त जातात. खणून झाल्यावर प्रत्यक्ष उतारावर फीत टाकून मोजा आणि मगच कागद सांगा, कारण नकाशावरचा १:१ उतार जमिनीवर तसाच उतरेल असं नाही.

धान्याची रास

सपाट जमिनीवर ओतलेली रास शंकू होते. तिचा मध्य सापडत नाही, त्रिज्या मोजता येत नाही, म्हणून परीघ घ्या. परिघाचा वर्ग गुणिले उंची, भागिले ३७.७, हे शंकूचं सूत्र परिघाच्या भाषेत.

उंची घेताना बांबूचं एक टोक राशीच्या माथ्याला अलगद टेकवा, नळीने पातळी बघून बांबू आडवा सरळ धरा आणि राशीच्या बाहेर आलेल्या टोकापासून जमिनीपर्यंत ओळंबा सोडून मोजा. उतारावर फीत टाकून आलेलं माप ही तिरकस उंची असते. राशीचा उतार साधारण ३० अंशांचा असतो, आणि ३० अंशांना तिरकस उंची लंब उंचीच्या बरोबर दुप्पट असते. म्हणजे फीत उतारावर टाकली की रास कागदावर दुप्पट होते. व्यवहारात याहून महाग चूक दुसरी नाही.

उदाहरण घेऊ. परीघ १२ मीटर, लंब उंची १.१ मीटर. १४४ × १.१ ÷ ३७.७ = ४.२ घनमीटर. वजनासाठी पुस्तकातला आकडा घेऊ नका, ओलाव्याप्रमाणे आणि दाण्याप्रमाणे तो बदलतो. एका बादलीत लिटरच्या मापाने १० लिटर पाणी ओतून आतून खूण करा, बादली कोरडी करून त्या खुणेपर्यंत तेच धान्य भरा, दाबू नका, हलवू नका, आणि वजन करा. ७.२ किलो भरलं तर घनमीटरला ७२० किलो. ४.२ × ७२० म्हणजे ३० क्विंटलच्या आसपास. मोंढ्यात काट्यावर जे येईल तेच खरं, पण पोती किती लागतील आणि टेम्पो कोणता सांगायचा हे ठरवायला हा अंदाज पुरतो.

ही रीत जुनी आहे. भास्कराचार्यांच्या ११५० सालच्या लीलावतीत राशिव्यवहार नावाचं प्रकरणच आहे. परिघाच्या सहाव्या भागाचा वर्ग करा आणि उंचीने गुणा, असं तिथे सांगितलं आहे. आपल्या उदाहरणात २ × २ × १.१ = ४.४ घनमीटर येतात, खऱ्यापेक्षा पाच टक्क्यांच्या आत जास्त, कारण त्यात परीघ व्यासाच्या तिप्पट धरला आहे. तोंडी हिशेबाला ते छान आहे. उंचीचंही अनुमान दिलं आहे: जाड धान्याची रास परिघाच्या दहाव्या भागाएवढी उंच, बारीक धान्याची अकराव्या आणि कुसळाच्या धान्याची नवव्या भागाएवढी. हे उतार अनुक्रमे ३२, ३० आणि ३५ अंशांच्या आसपास येतात. कुसळाचे दाणे एकमेकांत अडकतात म्हणून त्यांची रास उभट राहते. खळ्यावर मोजून बघाल तर हे अजूनही जुळतं.

भिंतीला टेकलेली रास म्हणजे अर्धा शंकू. दिसणारी गोलाकार कड मोजून दुप्पट करा, पूर्ण राशीचं घनफळ काढा आणि निम्मं घ्या. खोलीच्या आतल्या कोपऱ्यातल्या राशीला चौपट करून शेवटी चौथा हिस्सा घ्यायचा. घराच्या बाहेरच्या कोपऱ्याला वळसा घातलेली रास पाऊण असते. तिथे कड ४/३ ने गुणायची आणि शेवटी तीन चतुर्थांश घ्यायचे. कड दुप्पट न करताच सूत्रात घातली तर उत्तर फार लहान येतं, कारण परिघाचाही वर्ग होतो.

आडवा टँकर

उभ्या टाकीत पाणी निम्म्या उंचीवर म्हणजे निम्मी टाकी, आणि पाव उंचीवर म्हणजे पाव. टँकर हा आडवा दंडगोल, त्याला हे लागू नाही. निम्म्यावर निम्मं खरं, पण पाव उंचीला साडेएकोणीस टक्केच पाणी असतं, एक तृतीयांश उंचीला २९ टक्के आणि पाऊण उंचीला ८० टक्के. टँकरचं तोंड गोल असो की लंबगोल, हे प्रमाण तेच राहतं. उन्हाळ्यात काठी बुडवून पाणी मोजून घेताना हे चार आकडे खिशात असू द्या.

खाली निमुळत्या भांड्यात फरक याहूनही मोठा असतो. टोक खाली असलेल्या शंकूत निम्म्या उंचीपर्यंत फक्त आठवा हिस्सा भरतो, कारण उंचीबरोबर त्रिज्याही निम्मी झालेली असते आणि ती दोनदा गुणली जाते. धरण हा नीट आकार नव्हे, तरी वर पसरट आणि खाली अरुंद हे तिथेही खरं आहे. म्हणून जायकवाडीची पातळी दर फुटाला सारखाच साठा दाखवत नाही. शिवाय तिथले टक्के २१७१ दलघमी (दशलक्ष घनमीटर) जिवंत, म्हणजे वापरता येणाऱ्या साठ्याचे असतात, २९०९ दलघमी एकूण साठ्याचे नसतात.

कणगी आणि ट्रॉली

पोट फुगलेली कणगी वृत्तचिती मानली तर चुकेल. मधल्या व्यासाच्या वर्गाची दुप्पट अधिक तोंडाच्या व्यासाचा वर्ग, गुणिले उंची, गुणिले ०.२६२. मधला व्यास १.२, तोंड आणि बूड ०.९, उंची १.५ मीटर असेल तर १.४५ घनमीटर येतात. पोटाचाच व्यास धरून वृत्तचिती केली असती तर १.७० आले असते. सगळी मापं आतली हवीत, शेणामातीचा लेप जाड असतो.

गाळ किंवा मुरमाच्या ट्रॉलीचा १० × ६ × २ फुटांचा पाळणा फळीने सपाट केला तर १२० घनफूट, म्हणजे १.२ ब्रास. वर शीग असेल तर व्यवहार सपाटचा की शिगेचा हे आधी ठरवा. खणलेली माती मोकळी झाली की पाव ते तिसऱ्या हिश्श्याने फुगते, त्यामुळे खड्ड्याचं घनफळ आणि ट्रॉल्यांची बेरीज कधीच जुळत नाही.

मुलांकडून करून घ्यायचं

एक तृतीयांश पाठ करून घेण्यापेक्षा भरून दाखवा. कार्डशीटचा २२ × १२ सेंटिमीटरचा आयत कापा, चिकटवायला एका बाजूला १ सेंटिमीटर जादा ठेवा आणि गुंडाळा. ३.५ त्रिज्येची, १२ उंचीची वृत्तचिती तयार. खाली गोल तळ चिकटवा. शंकूसाठी १२.५ सेंटिमीटर त्रिज्येच्या वर्तुळाचा १००.८ अंशांचा तुकडा कापा (१०१ चालेल), त्यालाही चिकटपट्टी जादा ठेवा. इथे १२ घेतलं तर शंकू ठेंगणा होतो, कारण कागदावरची त्रिज्या ही शंकूची तिरकस उंची असते. आता बाजरी किंवा मोहरीने शंकू भरा, पट्टीने सपाट करा, वृत्तचितीत ओता. तीन वेळा ओतल्यावर ती काठोकाठ भरते: १५४ आणि ४६२ घनसेंटिमीटर. चौथ्यांदाही थोडं मावलं तर चिकटपट्टी जास्त आत गेली आहे आणि शंकूचं तोंड लहान झालं आहे. हरभरा घेऊ नका, मोठ्या दाण्यांतल्या फटींनी मोजणी बिघडते.

कडा आणि शिरोबिंदूंसाठी ५ सेंटिमीटरच्या काड्या आणि रात्रभर भिजवलेले हरभरे घ्या. हरभरा शिरोबिंदू, काडी कड. घनाला ८ हरभरे, १२ काड्या, ६ पृष्ठं. त्रिकोणी चितीला ६, ९, ५. चौरस पायाच्या सूचीला ५, ८, ५. दर वेळी पृष्ठं आणि शिरोबिंदूंच्या बेरजेतून कडा वजा केल्या की २ उरतात. उरले नाहीत तर मोजणीत काहीतरी सुटलं. वृत्तचितीला आणि शंकूला हा ताळा लावू नका, तो सपाट पृष्ठांच्या, भोक नसलेल्या आकृतींसाठी आहे.

काड्यांचा घन उभा राहिला की बोटाने ढकलू द्या. तो लगेच तिरपा होतो. त्रिकोणी सूची मात्र ढकलली तरी तशीच राहते, कारण तीन बाजू ठरल्या की त्रिकोणाचा आकार बदलूच शकत नाही आणि चौकोनाचा बदलतो. घनाच्या सहाही पृष्ठांवर एकेक कर्ण लावला की तोही पक्का होतो. त्या सहा काड्या ७ सेंटिमीटरपेक्षा किंचित मोठ्या कापा. ५ च्या लावायला गेलात तर पोचणार नाहीत.